किंबर्लीचा किनारा, तिथला गॅस आणि आपण: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला किंबर्ली नावाचा प्रदेश आहे. तिथल्या जेम्स प्राइस पॉइंट या किनाऱ्यावर गॅसचा प्रचंड कारखाना येणार होता आणि तो आला नाही. ही हकीकत मी कॉलेजात, शेतकरी बैठकांत, कधी मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवरही सांगत आलो आहे. प्रश्न बहुतेक तेच येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, टोचणारेसुद्धा.

आमच्या आठही जिल्ह्यांत समुद्र नाही. प्यायला पाणी नाही म्हणून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिकडच्या देवमाशांचं आम्हाला काय?

2016 च्या एप्रिलात मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातूरला आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. हे कुणी विसरलेलं नाही आणि त्यापुढे देवमासे मोठे, असं माझं म्हणणंही नाही. संबंध आहे तो युरियाच्या गोणीतून.

युरिया बनतो अमोनियापासून, आणि अमोनियाला लागणारा हायड्रोजन आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात. भारतात गॅसचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक खत कारखाना आहे. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी साधारण निम्मा बाहेरून येतो, जहाजातून, द्रवरूपात. त्यात ऑस्ट्रेलियाचाही वाटा आहे. पेट्रोनेट एलएनजी या भारतीय कंपनीने 2009 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पातून वर्षाला सुमारे 15 लाख टन द्रवरूप गॅस घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. गॉर्गनचा कारखाना बॅरो बेटावर आहे, आणि ते बेट म्हणजे राखीव निसर्गक्षेत्र. किंबर्ली त्याच्या ईशान्येला, त्याच राज्यात.

कपाशीला टाकलेल्या 45 किलोच्या गोणीत नेमका कुठल्या समुद्राचा गॅस उतरलाय हे कुणी सांगू शकणार नाही, सगळा गॅस एकाच नळीत मिसळतो. पण नळीचं एक टोक आपल्या वावरात आहे, एवढं नक्की. समृद्धी महामार्गालगत गेल या सरकारी कंपनीची मुंबई-नागपूर गॅसवाहिनी जालना-संभाजीनगरच्या शिवारातून जाते, म्हणजे नळी आता डोळ्यांसमोरच आली. दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते विचारणं गिऱ्हाइकाला शोभतं.

किंबर्ली एवढं काय आहे? समुद्र तर कोकणातही आहे.

किंबर्लीचं क्षेत्रफळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त. आणि माणसं? आपल्याकडच्या एका मोठ्या तालुक्यापेक्षाही कमी. ब्रूम, डर्बी, कुनुनुरा अशी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी गावं. भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी 11 मीटरपर्यंत जातो, म्हणजे सकाळी जिथं होडी तरंगते तिथं दुपारी चिखल. ब्रूमजवळच्या रोबक उपसागराचा तो चिखल सैबेरियापर्यंत ये-जा करणाऱ्या पाणथळ पक्ष्यांचं मोठं खाण्याचं ठिकाण आहे. ब्रूम गाव मोत्यांवर वाढलं. अंटार्क्टिकाकडून दरवर्षी हंपबॅक देवमासे याच किनाऱ्याला पिल्लं घालायला येतात.

इतका लांब किनारा, इतका कमी हात लागलेला, जगात फार ठिकाणी उरलेला नाही.

तिथं नेमकं काय बांधणार होते?

ब्रूमच्या उत्तरेला सुमारे 425 किलोमीटरवर भर समुद्रात ब्राउझ नावाचं गॅसक्षेत्र आहे. टोरोसा, ब्रेकनॉक, कॅलियान्स ही त्यातली तीन साठवणं. पहिला शोध 1971 चा, स्कॉट रीफ या प्रवाळांच्या खाली. वुडसाइड ही ऑस्ट्रेलियन कंपनी त्याची चालक, सोबत शेल, बीपी वगैरे भागीदार.

गॅस लांब न्यायचा तर उणे 162 अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. आकारमान सहाशेपट घटतं, मग तो जहाजात भरता येतो. हे काम करणारा कारखाना, टाक्या, धक्का, जहाजांसाठी समुद्रतळ उकरून केलेली खोल वाट आणि हजारो मजुरांची छावणी, हे सगळं ब्रूमपासून सुमारे 50 किलोमीटरवरच्या जेम्स प्राइस पॉइंटला येणार होतं. तिथले मूळ लोक त्या जागेला वालमदानी म्हणतात. डिसेंबर 2008 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, कॉलिन बार्नेट यांनी ही जागा जाहीर केली. हा किनारा काही विशेष नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते, आणि ते बोलणं त्यांना पुढं बरंच महागात पडलं.

गॅस समुद्रात आहे तर समुद्रातच थंड करायचा. किनारा कशाला लागतो?

हा प्रश्न एका आयटीआयच्या मुलाने विचारला होता आणि तो अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवतो. पुढे कंपनीलाही तेच सुचलं, त्यावर खाली येतो. तोपर्यंत एवढंच की राज्य सरकारला किनाऱ्यावरच हवा होता. कारखाना जमिनीवर आला की बांधकाम, नोकऱ्या आणि औद्योगिक वसाहत राज्यात येते. ब्राउझ तर सुरुवात होती. सरकारच्या मनात एकाच ठिकाणी अनेक कंपन्यांचे गॅस कारखाने आणायचे होते.

आंदोलन कुणी उभं केलं? बाहेरून आलेल्या पर्यावरणवाल्यांनी?

बाहेरचे आले, पण नंतर. मूळ गोष्ट पॅडी रो या म्हाताऱ्यापासून सुरू होते. ते गूलाराबुलू लोकांचे जाणते, परंपरेचा कायदा सांभाळणारे. 1987 साली त्यांनी ब्रूमहून उत्तरेकडे किनाऱ्याने जाणारी लुरुजारी पदयात्रा सुरू केली. सुमारे 80 किलोमीटरची वाट, त्यांच्या पूर्वजांच्या गाण्यांत जशी सांगितली आहे तशीच चालायची. कुणीही यावं, आदिवासी असो वा गोरा. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा वाटेवरची गावं, विसावे, रिंगणाच्या जागा सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि त्यातली एक जागा कुणी कुंपण घालून बंद केली तर काय होईल, याचा विचार करा. प्रकल्पाची जागा त्या वाटेवरच होती.

पॅडी रो 2001 मध्ये गेले. त्यांचे नातू जोसेफ रो प्रकल्पाविरुद्ध उभे राहिले. पण वीस वर्षं ती वाट चालून गेलेली शेकडो माणसं मेलबर्न, पर्थ, सिडनीत पसरली होती आणि त्यांना ही जागा पायांनी माहीत होती. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. आंदोलन जाहीर होण्याच्या कितीतरी आधी त्याचे लोक तयार झालेले होते.

मग 2011 मध्ये जागेकडे जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर लोकांनी ठिय्या दिला. ब्रूमचे शिक्षक, दुकानदार, आया, पेन्शनर रस्त्यात बसले. त्या वर्षीच्या जुलैत एका मंगळवारी पोलिसांनी ठिय्या मोडून यंत्रसामग्री आत नेली. ब्रूममध्ये तो दिवस काळा मंगळवार म्हणून ओळखला जातो. त्यानंतर विरोध कमी झाला नाही, वाढला. सी शेफर्ड या संघटनेचं जहाज 2012 मध्ये किनाऱ्यावर आलं, ग्रीन पक्षाचे जुने नेते बॉब ब्राउन सोबत होते. जॉन बटलर आणि मिसी हिगिन्स या गायकांनी मोठे जलसे केले. 2013 च्या फेब्रुवारीत फ्रीमँटलच्या कार्यक्रमाला हजारोंची गर्दी झाली.

गाणीबजावणी दिसते, म्हणून तिचीच चर्चा होते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मोजमापाचं काम. गावातल्या स्वयंसेवकांनी शास्त्रज्ञांच्या मदतीने कड्यावर बसून देवमासे मोजले, वाळूत कासवांची घरटी नोंदवली, कॅमेरे लावून बिल्बी हा लांब कानांचा दुर्मिळ प्राणी टिपला. अहवालात प्राणी नाही म्हटलेलं असतं आणि तुमच्याकडे तारीख-वेळेसह त्याचा फोटो असतो, तेव्हा बोलण्याची पट्टी बदलते.

पण आदिवासींच्या संघटनेनंच सही केली होती, असं वाचलं. मग विरोध कुणाचा?

खरं आहे. इथं उत्तर लांबणार, कारण या प्रश्नाला बगल देणारी माणसं किंबर्लीची गोष्ट अर्धीच सांगतात.

किंबर्ली लँड कौन्सिल ही आदिवासींची संघटना 1978 मध्ये स्थापन झाली. तिचा पहिला मोठा लढा 1980 चा, नूनकनबा इथला. तिथल्या पवित्र भूमीवर तेलविहीर खोदायला राज्य सरकारने पोलीस संरक्षणात ट्रकांचा ताफा पाठवला. आदिवासी आडवे झाले, ताफा पुढे गेला, विहीर खोदली. तेल निघालं नाही. म्हणजे ही संघटना कंपन्यांच्या खिशातली होती असं म्हणणं निव्वळ अज्ञान आहे.

मग 2011 मध्ये तिने करार का केला? आधीच्या लेबर सरकारच्या काळात गॅस प्रकल्पाला नकार देण्याचा अधिकार आदिवासींना देण्याची भाषा होती. सरकार बदललं आणि 2010 मध्ये नव्या सरकारने सक्तीने भूसंपादन करण्याची प्रक्रिया सुरू केली. जमीन तर जाणार, मग वाटाघाटीला बसून काही मिळवायचं की रिकाम्या हाती उठायचं, असा प्रश्न समोर ठेवला गेला. शिवाय कौन्सिलचं म्हणणं होतं की गॅस येणारच असेल तर किनारभर पाच ठिकाणी नको, एकाच ठिकाणी येऊ दे. मे 2011 मध्ये दावेदार कुटुंबांचं मतदान झालं आणि साधारण 60 टक्क्यांनी बाजूने कौल दिला. 30 वर्षांत दीड अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे लाभ ठरले: घरं, शिक्षण, नोकऱ्या, निधी. ज्या समाजात तरुणांच्या आत्महत्या आणि बेकारी हे रोजचं दुःख आहे, त्यातल्या आईबापांनी होकार दिला तर त्यांना फितूर ठरवायला माझी जीभ रेटत नाही.

पण तो कौल मोकळा होता, असंही म्हणवत नाही. मानेवर सक्तीचं भूसंपादन ठेवून घेतलेली संमती ही संमती असते का? आपल्याकडे नोटीस आल्यावर ज्याने दर पाडून का होईना, 'आपखुशीने' खरेदीखत करून दिलं, त्याला विचारा.

लढ्याने भाऊबंदकी वाढवली, हेही खरं. गूलाराबुलू आणि जबिर जबिर या दोन आदिवासी गटांत जागा मुळात कुणाची यावरून फूट पडली. पुढे 2017 मध्ये संघीय न्यायालयाने पारंपरिक मालकीचा हक्क जबिर जबिर आणि शेजारच्या गटांचा मानला. ज्या गूलाराबुलू कुटुंबाने लढा दिला त्यांचा मालकीहक्क मान्य झाला नाही. जोसेफ रो तोवर वारले होते. किनारा वाचला, पण त्याच्यासाठी उभा राहिलेला गट कागदावर मालक ठरला नाही. ज्यांनी होकार दिला त्यांच्या लाभांचा मोठा भाग प्रकल्प उभा राहण्यावर अवलंबून होता, तो गेला. पर्यावरणाच्या विजयोत्सवात हे कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं ते आधी सांगायला हवं.

कोर्टात काय झालं?

दोन निकाल महत्त्वाचे. डिसेंबर 2011 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भूसंपादनाच्या नोटिसा बेकायदा ठरवल्या, कारण नेमकी कुठली जमीन हवी हेच त्यांत नीट सांगितलेलं नव्हतं. सरकारला पुन्हा नोटिसा काढाव्या लागल्या. हसू येईल, पण आपल्याकडेही गट नंबर चुकल्यामुळे प्रकरणं वर्षानुवर्षं लटकतात, तसंच हे.

दुसरा निकाल ऑगस्ट 2013 चा. पर्यावरण प्राधिकरणाच्या पाच सदस्यांपैकी चौघांचे हितसंबंध प्रकल्पाशी जोडलेले निघाले होते, तरी शिफारस पुढे गेली होती. शेवटी एकट्या अध्यक्षांनी निर्णय दिला. द वाइल्डरनेस सोसायटी आणि एका गूलाराबुलू जाणत्याने दावा लावला होता. मुख्य न्यायमूर्तींनी मंजुरी रद्दबातल ठरवली.

गंमत म्हणजे तोपर्यंत कंपनी निघून गेली होती.

म्हणजे आंदोलनानं नाही, बाजारानंच प्रकल्प मारला?

12 एप्रिल 2013 ला वुडसाइडने जाहीर केलं की जेम्स प्राइस पॉइंटचा बेत परवडत नाही. खर्च अब्जावधी डॉलरनी फुगला होता आणि शेलकडे तरंगत्या कारखान्याचं तंत्र तयार होत होतं. आंदोलनामुळे माघार घेतली असं कंपनी म्हणाली नाही. कुठलीच कंपनी म्हणत नसते.

माझं मत असं. त्या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात गॅस आणि लोखंडाच्या खाणींची एकच घाई चालू होती, मजूर आणि पोलाद दोन्ही महागत होतं. अशा वेळी एकेका वर्षाच्या उशिराची किंमत भयानक. अंतिम गुंतवणुकीचा निर्णय आधी 2012 च्या मध्यापर्यंत व्हायचा होता, तो 2013 वर ढकलला गेला. ठिय्या, कोर्ट, पुन्हा काढाव्या लागलेल्या नोटिसा, पर्यावरण मंजुरीचा घोळ, यांतल्या एकानेही प्रकल्प मेला नाही. सगळ्यांनी मिळून वेळ खाल्ला, आणि त्या वेळात हिशेब फिरला. 2009 मध्येच कुदळ पडली असती तर आज तिथं धुराडी असती.

म्हणून 'बाजार की आंदोलन' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. आंदोलनाने बाजाराला नाही म्हणायला सवड दिली.

त्या तरंगत्या कारखान्याचं काय झालं? तोही बेत 2016 मध्ये गुंडाळला.

डायनासोरच्या पावलांमुळे प्रकल्प थांबला, हे खरं का?

थांबला नाही, पण त्या पावलांनी वजन टाकलं. तिथल्या खडकात सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीचे ठसे आहेत. गूलाराबुलू लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत, त्यांच्या कथांत ते येतात. त्यांनीच क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठशांचे 21 प्रकार नोंदवले, त्यातला एक सुमारे 1.7 मीटर लांबीचा. त्याआधीच ऑगस्ट 2011 मध्ये केंद्र सरकारने पश्चिम किंबर्लीचा जवळजवळ 1 कोटी 90 लाख हेक्टर प्रदेश राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातला, त्यात डायनासोरच्या ठशांचा किनाराही आहे. वारसा यादीत आलं म्हणजे कारखाना आपोआप रद्द होत नाही, फक्त परवानगीची पायरी उंच होते. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं रिफायनरीच्या वादात अचानक सगळ्यांच्या तोंडी आली, ते असंच.

पोरांना नोकऱ्या लागल्या असत्या. त्याचं काय?

लागल्या असत्या, काही वर्षं. गॅस कारखाना बांधताना हजारो हात लागतात, चालवायला काही शेकडा पुरतात, तेही बहुतेक आधीच प्रशिक्षित. पश्चिम ऑस्ट्रेलियात मजूर विमानाने कामाच्या जागी जातात, काही आठवडे छावणीत राहतात, पगार घेऊन परत विमानाने शहरात. गावात पैसा येतो तो घरभाडं आणि दारू महाग करून. ब्रूममधल्या पर्यटन आणि मोती धंद्यातल्या लोकांनी विरोध केला तो निसर्गप्रेमापायी कमी, या भीतीपायी जास्त.

बीड, धारूर, केजच्या माणसाला छावणी म्हणजे काय हे ऑस्ट्रेलियातून शिकायची गरज नाही. फडावरचा मुकादम आणि कोपी वेगळी, तिथला वातानुकूलित डबा वेगळा, पगारात तर जमीन-अस्मानाचा फरक. तरीही घर एकीकडे आणि काम दुसरीकडे असलं की गावाचं काय होतं, हे आपल्या गावांनी दर दिवाळीनंतर पाहिलेलं आहे.

गॅस कोळशापेक्षा स्वच्छ आहे. त्याला विरोध म्हणजे परळीच्या राखेलाच पाठिंबा नाही का?

परळीच्या औष्णिक केंद्राची राख ज्याने अंगावर घेतली आहे त्याचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. वीजनिर्मितीत जाळला तर गॅसमधून कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि राख नाही.

पण हिशेब चिमणीपाशी संपत नाही. गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो न जळता हवेत सुटला तर 20 वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडपेक्षा 80 पटींच्या आसपास जास्त उष्णता धरतो. विहीर, नळी, जहाज, सगळीकडे थोडाथोडा सुटतो. द्रव करायला वेगळी ऊर्जा जाते. त्यात ब्राउझच्या साठ्यातच कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास, तो आधी वेगळा काढावा लागतो. गॉर्गनमध्ये असा वायू जमिनीखाली पुरण्याचं वचन होतं, प्रत्यक्षात ठरल्यापेक्षा कितीतरी कमी पुरला गेला.

जाता जाता: घरातला लाल सिलिंडर म्हणजे हा गॅस नव्हे. तो एलपीजी, प्रोपेन-ब्युटेनचा. किंबर्लीच्या किनाऱ्याचं नाव घेतल्याने कुणाची चूल विझत नाही. बैठकीत हा गैरसमज दर वेळी निघतो.

समुद्रात गळती झाली तर खरंच एवढं नुकसान होतं का?

किंबर्लीच्या उत्तरेलाच तिमोर समुद्रात 21 ऑगस्ट 2009 रोजी मोंटारा तेलक्षेत्रातली विहीर फुटली. ती बंद करायला दहा आठवड्यांहून अधिक लागले, तोवर तेल वाहतच होतं. पलीकडे इंडोनेशियाच्या बेटांवर समुद्रशेवाळ पिकवणाऱ्या हजारो शेतकऱ्यांचं पीक मेलं. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात एकत्र दावा लावला. 2021 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने गेला आणि 2022 मध्ये 19 कोटी 25 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. गळती ते भरपाई: 13 वर्षं. पीकविम्याची वाट पाहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता तिथं सगळं शांत आहे?

नाही. जेम्स प्राइस पॉइंट वाचलं, ब्राउझचा गॅस अजून खालीच आहे आणि तो काढायची इच्छाही. नवा बेत असा की सुमारे 900 किलोमीटर नळी टाकून तो दक्षिणेला कराथाच्या जुन्या कारखान्यात न्यायचा. पण विहिरी तर स्कॉट रीफपाशीच खोदाव्या लागणार, आणि तिथं हिरवी कासवं अंडी घालतात, छोटे निळे देवमासे फिरतात. राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाचं प्राथमिक मत प्रकल्पाच्या विरोधात असल्याचं 2024 मध्ये बाहेर आलं. दुसरीकडे कराथाच्या कारखान्याला 2070 पर्यंत चालू राहायची परवानगी केंद्राने 2025 मध्ये दिली. कारखाना चालू ठेवायचा तर त्याला नवा गॅस लागणार, आणि तो कुठून येणार हे लहान मूलही सांगेल.

जमिनीवर वेगळीच कथा. फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यात खडक फोडून गॅस काढायचे, म्हणजे फ्रॅकिंगचे, प्रस्ताव आहेत. 2018 मध्ये राज्य सरकारने बहुतांश भागात बंदी ठेवली, जेम्स प्राइस पॉइंट ज्यावर आहे तो डॅम्पियर द्वीपकल्पही बंदीत आला, मात्र जुन्या परवान्यांना वाट मोकळी राहिली.

ही परदेशी पैशावर चालणारी, विकासाला आडवी येणारी मंडळी नव्हेत का?

ब्राउझमध्ये भांडवल इंग्लंड, नेदरलँड्स, जपान आणि चीनचंही होतं. परदेशी पैसा शोधायचा असेल तर सुरुवात तिथून करू या.

आमच्याकडे उद्या काही आलं तर यातून काय उचलायचं? नुसती गोष्ट सांगून काय फायदा?

आलेलंच आहे, उद्याची वाट कशाला. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवरून नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर, बीड, धाराशिवचे शेतकरी मोजणी अडवून बसलेले आपण पाहिले. जायकवाडीवर तरंगत्या सौर पॅनेलांचा प्रकल्प आहे, आणि तो तर 'हरित' ऊर्जेचा. पैठणच्या कहार समाजाच्या समितीने त्याविरुद्ध दाद मागितली, पण हरित लवादात आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती मिळाली नाही. म्हणजे प्रकल्प गॅसचाच असला पाहिजे असं नाही आणि कोर्ट दर वेळी हात देईल असंही नाही.

पहिली गोष्ट, संमतीची भाषा नीट वाचा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधितांची संमती लागते. सरकारने स्वतःसाठी घेतली तर ही अट नाही, आणि राज्याच्या महामार्ग कायद्याने घेतली तरी नाही. म्हणून नोटीस हातात आली की ती कुठल्या कायद्याखाली आहे ते आधी बघा, दर नंतर. पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, आधार मराठवाड्यात किनवट भागातल्या काही गावांपुरताच आहे, बाकीच्यांनी त्या भरवशावर राहू नये.

दुसरी, जनसुनावणी. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण परवानगीआधी ज्या प्रकल्पांना ती लागते त्यांची किमान 30 दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. आपल्याकडे लोक सुनावणीला जाऊन घोषणा देतात आणि निघून येतात. घोषणा इतिवृत्तात येत नाहीत, लेखी हरकत येते. तिच्यावर पोच घ्या. अहवालात विहिरी किती दाखवल्या, पाणवठा कुठला गाळला, माळढोकाची किंवा काळविटाची नोंद आहे का, हे गट नंबरासह लिहा. ब्रूमच्या लोकांनी देवमासे मोजले ते यासाठीच. आपल्या शिवारात बोअर, बारव, ओढे आणि चराऊ माळ मोजायला शास्त्रज्ञ लागत नाही, शाळेतली पोरं आणि एक वही पुरते. आणि हे काम नोटीस येण्याआधी झालेलं असेल तर त्याची किंमत दसपट.

तिसरी गोष्ट तारखेची. परवानगी निघाल्यावर हरित लवादाकडे अपिलाला 30 दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त 60. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. ही मुदत चुकली की कितीही खरा मुद्दा असला तरी दार बंद. उपोषणाची तारीख ठरवण्याआधी ही तारीख भिंतीवर लिहा.

आणि गावातल्या होकार देणाऱ्यांना शत्रू करू नका. ज्याला पोरीच्या लग्नाचं कर्ज आहे तो सही करणारच. त्याच्याशी बोलणं तुटलं की गुत्तेदार मधे शिरतो.

माझा भाऊ कतारला गॅस प्लँटवर फिटर आहे. त्याच्या पैशावर घर चालतं. त्यानं काय नोकरी सोडावी?

अजिबात नाही. वेल्डर आणि फिटरने नोकरी सोडून कुठलाच गॅस जमिनीत राहिलेला नाही, आणि ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करणं मला पटत नाही. उलट तो आला की त्याला बैठकीला घेऊन या. नळी कुठं गळते, सुरक्षिततेची तपासणी कागदावर कशी होते, छावणीत पाणी कुठून येतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही आणि त्याला रोजचं आहे. ईदला किंवा दिवाळीला सुट्टी मिळत असेल तर तारीख आधी कळवा, आम्ही त्यानुसार बैठक ठेवू.